पोळ्याच्या पाडव्याला, सकाळी साडेआठ

परवा शेजारच्या मुलीला पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा फोन आला. मुलाखत द्यायची आहे, तर दिवस आणि वेळ तुम्हीच निवडा, म्हणे. पोरगी दोन दिवस विचार करत बसली. सोमवारी साहेब लोक चिडलेले असतात, शुक्रवारी घाईत असतात, जेवणाआधी भुकेले आणि जेवणानंतर पेंगुळलेले. शेवटी मंगळवारी सकाळी अकरा हीच उत्तम वेळ, असं तिनं कुठंतरी वाचलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मला येऊन विचारते, "काका, तुमाले काय वाटते?" मला काय वाटणार! उमेदवाराला वेळ विचारतात हे ऐकूनच मला गरगरल्यासारखं झालं. मुलाखतीची उत्तम वेळ काढण्यात एके काळी माझा हात धरणारा अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात कोणी नव्हता. पण ती वेळ उमेदवाराच्या सोयीची नसायची. उमेदवार पोचू नये म्हणून ती काढलेली असायची.

गडचिरोली चंद्रपुरापासून वेगळी होऊन तेव्हा दोन-तीन पावसाळे झाले होते. नवा जिल्हा, नव्या शाळा. शाळा म्हटली की संस्था आली, संस्था म्हटली की अध्यक्ष आले, आणि अध्यक्ष म्हटले की त्यांचे भाचे, साळे, जावई अचानक बी.एड. होऊन दारात उभे. मी चामोर्शीच्या अशाच एका शाळेत कनिष्ठ लिपिक होतो. टायपिंग बरं, अक्षर चांगलं आणि तोंड बंद. यातला तिसरा गुण पाहूनच मला घेतलं असावं.

शिक्षकाची जागा भरायची तर आधी जाहिरात द्यावी लागे. मग अर्ज केलेल्या सगळ्यांना पत्रं धाडावी लागत. मुलाखतीच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब हजर राहत आणि त्यांच्यासमोर हजेरीपत्रकावर कमीत कमी तीन उमेदवारांच्या सह्या लागत. तीन नाही झाल्या तर मुलाखत रद्द, पुन्हा जाहिरातीपासून सगळं. आता घ्यायचा माणूस तर आधीच ठरलेला असायचा. त्याला आम्ही ऑफिसात 'नवरदेव' म्हणायचो. सह्यांपुरते दोन जण तो स्वतःच सोबत घेऊन यायचा, ते 'करवले'. नवरदेव आणि दोन करवले एवढेच आले की लग्न सुखरूप लागायचं. धास्ती असायची बाकीच्यांची. भामरागडकडून नाही तर सिरोंच्याकडून कोणी फर्स्ट क्लासवाला फाइल घेऊन यायचा, साहेबांसमोर धडाधड उत्तरं द्यायचा, आणि नवरदेवाचं तोंड एवढंसं व्हायचं.

माझा शोध अपघातानं लागला. एकदा आमच्या अध्यक्षांना दुपारी कोणाच्या तरी तेरवीला जायचं होतं, म्हणून मी मुलाखत सकाळी साडेआठला लावली. त्या दिवशी नवरदेव आणि करवले सोडून एक चिटपाखरू फिरकलं नाही. अध्यक्ष चकित झाले. "असं कसं झालं हो?" मी एस.टी. स्टँडवरून उतरवून आणलेलं वेळापत्रक त्यांच्यासमोर धरलं. आष्टीकडची पहिली गाडी सव्वानऊला. एटापल्लीकडची अकराच्या पुढं. भामरागडची गाडी नदी उतरली तर, नाही तर नाही. अध्यक्षांनी वेळापत्रक पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बसा न भाऊ. उभे काऊन?"

हे 'बसा' साधं नव्हतं हो. त्याच अध्यक्षांच्या ओसरीबाहेर माझा आजा हात बांधून उभा राहायचा. तहान लागली तर ओंजळ करायची, वरून कोणी पाणी ओतायचं. माझा बाप त्या ओसरीची पायरी कधी चढला नाही. त्याला चढायचीच नव्हती. आणि मला तिथं वेताची खुर्ची मिळाली, कपबशीत चहा मिळाला, वर 'भाऊ' मिळालं. मी चोवीस वर्षांचा होतो. मला वाटलं, झाली क्रांती.

मग मी ही विद्या वाढवली. धान रोवण्याच्या हंगामात घरातलं एकही माणूस शेताच्या बांधीतून सुटत नाही, तेव्हा तो आठवडा उत्तम. आठवडी बाजाराच्या दिवशी गाड्या खच्चून भरून येतात आणि फाट्यावरच्या माणसाला हात दाखवून निघून जातात, तेव्हा तो वारही चांगला. श्रावण-भादव्यात भामरागडच्या नद्या एकदा फुगल्या की तिकडची पोरं आठ-आठ दिवस तिकडेच. त्यांना तर पत्र धाडायचं ते मोठ्या प्रेमानं. पत्र रजिस्टरनं गेलं तर पोचपावती येते, आणि पोचपावती म्हणजे पुरावा. म्हणून आम्ही पत्रं टाकायचो 'अंडर पोस्टल सर्टिफिकेट'. म्हणजे पत्र टाकलं एवढ्याचा शिक्का पोस्टातून घ्यायचा. पुढं ते पोचलं की नाही, ते पोस्टमन जाणे आणि नदी जाणे.

नाव झालं. आजूबाजूच्या संस्थांचे सचिव स्कूटरवरून यायला लागले. "भाऊ, आमची बी एक वेळ काढून द्या न." मी पेन्सिल कानावर अडकवायचो, वेळापत्रक पसरायचो, कॅलेंडर पुढं ओढायचो आणि कपाळाला आठ्या घालून उगाच दहा मिनिटं बसायचो. लगेच सांगितलं तर किंमत राहत नाही. लोक मला 'पंचांगवाले' म्हणू लागले. मी कोणाकडून एक पैसा घेतला नाही, बरं का. पैसे घेतले असते तर लाज तरी वाटली असती.

ही पदवी आमच्या घरी पोचली तेव्हा बाबा जेवत होते. छप्पन साली बाबांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. तेव्हापासून आमच्या घरात मुहूर्त हा शब्द निघाला नव्हता. लग्नंसुद्धा पाहुणे जमले की लागत. बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. "पंचांगवाल्याच्या पोटाचा तरी प्रश्न होता बाप्पा," ते म्हणाले. "तुले काऊन करा लागते?" मी म्हणालो, "ऑफिसचं काम आहे, बाबा." बाबा म्हणाले, "हो. त्यायचं बी ऑफिसचंच काम होतं." आणि पुढं जेवू लागले.

घरात आणखी एक माणूस होतं, माझी धाकटी बहीण. बी.एस्सी., बी.एड., दोन्हीत फर्स्ट क्लास. नागपूरला वसतिगृहात राहून, दोन ड्रेस आलटून पालटून घालून शिकलेली. दोन वर्षं झाली घरी बसली होती. नागपूरचा पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचा, ती जाहिरात कापून अर्ज भरायची. कधी मुलाखतीचं पत्र यायचंच नाही, कधी मुलाखत होऊन गेल्यावर यायचं. "दादा, माया पोस्टमनच उशिरा उठते," म्हणून ती हसायची. मीही हसायचो. आईला मात्र हसू येत नव्हतं. दोनदा पाहुणे येऊन गेले होते आणि बहिणीनं दोन्हीदा साफ सांगितलं होतं, नोकरी लागल्याशिवाय लग्न नाई. आईनं शेवटी मुदत घातली. दिवाळीपर्यंत लागली तर लागली. नाही तर तिसऱ्या पाहुण्यांना होकार कळवायचा आणि सर्टिफिकिटं पेटीत. बहिणीनं मुदत कबूल केली. बोलली की ती पाळणारी पोरगी होती, त्यामुळं सगळ्यांना ठाऊक होतं की ही दिवाळी म्हणजे शेवटची.

त्याच पावसाळ्यात आमच्या अध्यक्षांचे एक मित्र माझ्याकडे आले. आलापल्लीच्या पलीकडं, सूरजागडच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांची शाळा होती आणि ते तिचे सचिव. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा. नवरदेव म्हणजे सचिवांचा होणारा जावईच, त्यामुळं घाई होती. "बहुत अर्ज आले भाऊ," सचिव म्हणाले. "मार्कवाले आहेत. अशी वेळ काढा का पाखरू पोचलं नाई पाह्यजे."

विज्ञानाची जागा, असं ते स्पष्ट म्हणाले. माझ्या घरात एक बी.एस्सी. बी.एड. बसली होती, ती दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करते हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात काय आलं? तर पोळा.

पोळा हा आमच्याकडे बैलांचा सण आणि दुसऱ्या दिवशीचा पाडवा हा माणसांचा. आदल्या दिवशी बैल सजतात, दुसऱ्या दिवशी माणसं मोहाची टाकून आडवी होतात. ड्रायव्हर-कंडक्टरांनाही घर असतं. पोळ्याच्या संध्याकाळच्या मुक्कामाच्या गाड्या निघतच नाहीत आणि पाडव्याची पहिली गाडी त्या गावात पोचते साडेअकराला. म्हणून मुलाखत पाडव्याला, सकाळी साडेआठ. आणि खात्याच्या साहेबांचं काय? त्यांना आदल्या दिवशी सचिवांनी पोळ्याच्या जेवणाला बोलवायचं, मुक्काम तिथंच. सकाळी साहेब ताजेतवाने टेबलावर. वाटेतला नाला दुपारच्या पावसानं भरतो, म्हणून त्यांची जीप अकराच्या आत निघणारच.  सचिवांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "भाऊ, तुमी माणूस नाई, तुमी मशीन आहा." मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी आईला विनाकारण जिलेबी आणून दिली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराची गोष्ट. बाबा बैलांची शिंगं रंगवत होते. "बैलानं काई दीक्षा नाई घेतली," ते म्हणायचे, "त्याचा सण त्याले करू द्या." पोस्टमन आला आणि एक पत्र टाकून गेला. बहिणीनं ते उभ्या-उभ्याच फोडलं आणि एकदम ओरडली, "दादा, कॉल आला! विज्ञानाची जागा!" मग तिनं खालची ओळ वाचली आणि तिचा आवाज उतरला. "उद्या. सकाळी साडेआठ. उद्या तर पाडवा आहे नं?"

मी पत्र हातात घेतलं. दुसऱ्याच्या टाइपरायटरवर माझीच वेळ उमटली होती.  बाबांनी ब्रश खाली ठेवला आणि ते माझ्याकडं बघू लागले. त्यांना काही माहीत नव्हतं, पण ते बघत होते.

"कोण्या मुडद्यानं काढली असंन ही वेळ?" बहीण म्हणाली.

"असंल कोणी तरी," मी म्हणालो. "चाल, कपडे भर. मी नेतो तुले."

आता गंमत बघा. मी स्वतः बंद केलेल्या वाटांपैकी एखादी उघडी राहिली आहे का, ते मीच शोधत होतो. मुक्कामाची गाडी नाही. जीप नाही. सायकलनं ऐंशी किलोमीटर, तेही चिखलातून, शक्य नाही. आष्टीपर्यंत दोनची गाडी होती, तिच्यात बसलो. आष्टीच्या फाट्यावर तासभर उभं राहिल्यावर बांबू आणायला जंगलात जाणारा एक रिकामा ट्रक आला. ड्रायव्हर हरियाणाकडचा होता. त्याला पोळा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, म्हणून तो कामावर होता. हे माझ्या हिशेबातून सुटलं होतं. "बिटिया का इंटरव्यू है? बैठो, बैठो," म्हणून त्यानं आम्हाला केबिनमध्ये घेतलं.

वाटेत बहीण फाइल मांडीवर घेऊन बसली होती. रस्ता असा की डोकं टपाला आपटत होतं, पण ती खुशीत होती. ओहमचा नियम, पेशीची रचना, पुटपुटत होती. मधेच म्हणाली, "दादा, तू नसता न, तर मी आज घरी रडत बसली असती." मी खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी स्वतःला म्हणालो, हिला आधी पोचवू, हिची मुलाखत होऊ दे, ती फाडफाड उत्तरं देईल, साहेब खूश होतील, आणि मग सांगायची गरजच पडणार नाही. माणूस स्वतःला किती सहज गुंडाळतो! रात्री त्या गावातल्या ओळखीच्या एका गुरुजींकडं मुक्काम केला.

सकाळी सव्वाआठला आम्ही शाळेच्या आवारात. गावातले लोक मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेऊन टाकत होते, रोगराई घेऊन जा म्हणून आरोळ्या चालल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर फुलांचा गुच्छ, आणि टेबलामागं खात्याचे साहेब डोळे मिटून ढेकर देत होते. कोपऱ्यात नवरदेव नवा सफारी घालून बसला होता आणि त्याच्या शेजारी एक करवला. एकच.

सचिवांनी मला पाहिलं आणि ते अक्षरशः धावत आले. "या या या, पंचांगवाले भाऊ! काय वेळ काढली हो! पन्नास पत्रं टाकली, एक माणूस नाई आला! असा मुहूर्त बामणाले जमणार नाई!" मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो, पण ते भरात होते. "फक्त एक घोटाळा झाला. आमचा दुसरा करवला बी नाई पोचला. काल येतो म्हणे, गाडीच नाई भेटली. तुमची वेळ आमच्यावरच उलटली न भाऊ! आता तिसरी सही कुठून आणू? साहेबायले अकराच्या आत निघा लागते."

एवढ्यात त्यांना माझ्या मागं उभी असलेली बहीण दिसली. हातात फाइल, तेल लावून घट्ट बांधलेली वेणी, इस्त्रीची साडी. "ह्या कोण?"

"माझी बहीण," मी म्हणालो. "तिले कॉल आहे."

सचिवांनी टाळीच वाजवली. "वा रे भाऊ! तुमी तर करवली बी घरूनच घेऊन आले! याले म्हणते माणूस!" आणि हजेरीपत्रक उचलून त्यांनी तिच्यासमोर धरलं. "या बाई, इथी सही करा फक्त. दोन मिनिटात मोकळ्या."

मी बहिणीकडं बघितलं नाही. पण तिचा आवाज ऐकू आला, अगदी साधा.

"दादा, वेळ तू काढली?"

"हो," मी म्हणालो.

तिनं पेनाचं टोपण काढलं होतं. ते परत लावलं. पेन फाइलीत ठेवलं. सचिवांना म्हणाली, "सर, मी अजून पोचली नाई."

"म्हणजे?"

"गाडी साडेअकराले येते न? मी त्या गाडीनं येणार. साडेअकराले सही करतो, मुलाखत बी देतो." आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्यांचा बाक होता, तिथं जाऊन ती पाठ ताठ ठेवून बसली.

आधी सचिव हसले. मग समजावू लागले. मग म्हणाले, बाई, तुमची मुलाखत पूर्ण घेऊ, निवड काय कोणाच्या हातात असते, मार्कावर होते. बहीण म्हणाली, "हो नं. साडेअकराले घ्या." मग नवरदेव स्वतः आला. बिचारा वाईट नव्हता, घामानं डबडबला होता. म्हणाला, "ताई, मायं लग्न अटकून आहे हो." बहीण म्हणाली, "मायं बी." साहेबांनी जांभई दिली, घड्याळ बघितलं आणि विचारलं, उमेदवार हजर आहेत की नाहीत ते एकदा ठरवा. सचिवांनी मग मला कोपऱ्यात ओढलं. आता ते मला भाऊ म्हणत नव्हते. "जाऊन सांग तिले," म्हणाले. "तू आणली न?"

मी गेलो. तिच्यासमोर उभा राहिलो. बाकावर जागा होती, पण बस म्हणाली नाही. "सही करून टाक," मी म्हणालो. "मुलाखत तरी होईल. कोणाले माहीत, साहेबाले आवडली तू तर..." हे बोलताना मलाच माझा आवाज अध्यक्षांसारखा वाटला.

"त्याईनं मले करवली म्हटलं," ती म्हणाली. "तू इथीच उभा होता न? काही बोलला काय?"

मी काही बोललो नव्हतो. तसाच परत फिरलो.

साहेबांची जीप अकराला पाच कमी असताना निघाली. हजेरीपत्रकावर दोन सह्या, खाली शेरा: उमेदवार अपुरे, मुलाखत रद्द. सचिव आत जाऊन बसले. टेबलावरचा गुच्छ करवल्यानं उचलून नेला, का ते मला अजून कळलं नाही.

साडेअकराची गाडी बाराला आली. चार जण उतरले आणि फाटकाकडं पळत सुटले. मी वर्षभर ज्यांना चुकवत होतो ते लोक मी पहिल्यांदा पाहिले. एकाच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि बूट हातात होते. एक बाई होती, तिच्या कडेवर मूल. एक तर सिरोंच्याकडचा होता, तेलुगू वळणाचं मराठी बोलत होता. तो दोन दिवसांपूर्वी घरून निघाला होता. बूटवाल्यानं मलाच विचारलं, "सर, मुलाखत कुठी आहे?" मी सांगितलं, झाली, म्हणजे रद्द झाली, साडेआठची होती.  "साडेआठले कसा येईन माणूस?" त्यानं विचारलं. रागानं नाही. खरोखर कळावं म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "हो ना."

बहिणीनं त्या बाईला बाकावर बसवलं, लेकराला पाणी दिलं, आणि पुन्हा जाहिरात निघेल, तेव्हा सगळ्यांनी अर्ज करा, असं त्यांना नीट समजावून सांगितलं. परत येताना ती त्यांच्यात बसली आणि मी ड्रायव्हरच्या मागं. चामोर्शीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. घरी गेल्यावर तिनं बाबांना सगळं सांगितलं, एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "खुर्ची कशी आहे रे ती? पाठ दुखत नाई न?"

त्यानंतर मी कोणालाही वेळ काढून दिली नाही, असं लिहायला मला फार आवडेल. खरं म्हणजे मला कोणी विचारलंच नाही. पाडव्याची गोष्ट सगळीकडं पसरली होती, आणि घरच्याच माणसानं ज्याचा मुहूर्त उधळला त्याच्याकडं कोण येणार? अध्यक्ष आता मला उभ्यानंच काम सांगत. मी उभ्यानंच ऐकत असे. मला लाज वाटत होती की राग येत होता, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आज विचारतो तर उत्तर येतं, खुर्ची गेल्याचं वाईट वाटत होतं. थू!

त्या शाळेची पुन्हा जाहिरात निघाली. बहिणीनं पहिल्याच दिवशी अर्ज टाकला, रजिस्टरनं. मग ती वाट बघू लागली. पोस्टमन येण्याच्या वेळेला ती दारातच असायची. नवरात्र गेलं, धान पिवळं पडलं. फराळाचं सामान यायला लागलं आणि पाहुण्यांचा निरोप येऊन गेला. दिवाळीला चार दिवस उरले होते तेव्हा पत्र आलं. ती आत भाकरी टाकत होती म्हणून पत्र माझ्या हातात पडलं.

मुलाखत तीन दिवसांपूर्वी होऊन गेली होती. वेळ दुपारी बारा. दिवस साधा शुक्रवार. बाजार नाही, सण नाही, पाऊस नाही; चारही दिशांच्या गाड्या वेळेवर पोचतील अशी वेळ. मला कळेना. मी पाकीट उलटंपालटं केलं. शिक्का मुलाखतीच्या चांगला आठ दिवस आधीचा होता, कोणालाही तक्रार करायला जागा नाही. मग मला पत्ता दिसला. गाव बरोबर, घर बरोबर, फक्त खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: मार्गे सिरोंचा. जिल्ह्याच्या त्या टोकाला जाऊन, तिथला शिक्का खाऊन पत्र परत आलं होतं. वेळेला कोणी हातच लावला नव्हता. सगळं काम पत्त्याच्या एका ओळीत केलं होतं. इतके दिवस मी वेळापत्रकं चाळत बसलो आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. काय डोकं म्हणावं!

मी किती वेळ ते पाकीट बघत होतो, ठाऊक नाही. मान वर केली तेव्हा बहीण दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. पाकिटाकडं तिनं पाहिलंच नाही. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "आवडलं काय रे तुले?"